परदेशातलं दुपारचं जेवण, सहा जणांचं आणि बिनघाईचं

आमच्या घरी आई सगळ्यांच्या शेवटी जेवते. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या चामोर्शीत कितीतरी घरांत हेच चालत आलंय. बाबा, मुलं, आला-गेला पाहुणा उठला की भांड्यात उरलेलं ताटात घेऊन ती बसते आणि अर्ध्या जेवणात पुन्हा कुणाला तरी पाणी द्यायला उठते. आम्ही सिंगापूरला गेलो तेव्हा तिसऱ्या दिवशी दुपारी ती सगळ्यांसोबत जेवायला बसली आणि सगळ्यांसोबतच उठली. चाळीस वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं. ते जेवण आपोआप जमलेलं नव्हतं. पहिल्या दिवशीचं पार फसलं होतं, दुसऱ्या दिवशीचं अर्धंमुर्धं जमलं, तिसऱ्या दिवशी हात बसला. आपल्या भागातूनही आता माणसं म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन परदेश पाहायला निघू लागली आहेत. त्यांच्यासाठी ही कृती सविस्तर लिहितो आहे.

तयारी चामोर्शीतच सुरू होते. जाण्याच्या आठवडाभर आधी कागद घेऊन बसावं आणि घरात कोण काय खात नाही ते लिहून काढावं. आपल्याला सगळं ठाऊक असतं असं वाटतं, पण लिहायला बसल्यावर नव्या गोष्टी निघतात. आमच्या आईच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळे मांस, मासळी, अंडं नाही. हे माहीत होतं. एकादशीला कांदा-लसूणही नाही, आणि सहलीतला एक दिवस एकादशीचा आहे, हे कॅलेंडर उघडल्यावर कळलं. बाबांना साखरेचा आजार. त्यांना मासळी प्रिय, पण गाय-डुक्कर चालत नाही. धाकट्याला तिखट सोसत नाही. ही यादी इंग्रजीत चार ओळींत लिहून खिशात ठेवावी. वेटरसमोर तोंडी समजावताना माणूस गडबडतो, कागद गडबडत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तिकडच्या वेळेनुसार औषध कसं घ्यायचं ते आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावं.

पिशवीत काय भरायचं यापेक्षा काय काढायचं हे आधी पाहावं. सिंगापूरला खसखस बंदीत मोडते. म्हणजे आजीच्या हातचे अनारसे कितीही सुरेख झालेले असोत, ते घरीच राहू द्यावेत. मांसाचे, सुक्या मटणाचे पदार्थ नेऊ नयेत. च्युइंगम नको. आणि खर्रा तर नकोच नको. चघळण्याचा तंबाखू त्या देशात न्यायला मनाई आहे, आणि आपल्याकडच्या अनेक माणसांना जेवणानंतर तोच आठवतो. मुक्तिपथ या व्यसनमुक्ती अभियानाची माणसं आपल्या जिल्ह्यात गावोगाव खर्रा सोडायला सांगत आली आहेत. सहलीच्या निमित्तानं कुणाचा सुटला तर त्यासारखं दुसरं काही नाही. त्याऐवजी बडीशेप आणि लवंगांची डबी घ्यावी. जवसाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, दोन-चार लिंबं आणि थोडं मीठ एवढं घेतलं तरी पुरे. यातलं काही जेवणाची जागा घेण्यासाठी नाही. हॉटेलात उशीर झालाच तर म्हाताऱ्यांच्या पोटाला आधार असावा, एवढ्यासाठीच ते आहे.

आता दिवसाचं नियोजन. माझ्या मते सारं यावरच ठरतं. सहलीचे कार्यक्रम आखताना आपण ठिकाणं लिहितो आणि जेवण मधल्या फटीत कोंबतो. पहिल्या दिवशी आम्ही तेच केलं. सकाळी बाग, मग इमारती, मग पुतळा, असं करता करता दुपारचे तीन वाजले. एका मोठ्या दुकानसंकुलाच्या तळघरात खाण्याची जागा होती, तिथे शिरलो. बसायला एक टेबल नाही, सहा जण तीन ठिकाणी. बाबांचे हात थरथरायला लागले होते. मी घाईत जे दिसलं ते मागवलं. आईसाठी पांढराशुभ्र भात आणला, तर तो कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला निघाला. आईनं दोन केळी खाल्ली आणि ‘मले भूकच नाही गा’ म्हणाली. भूक होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती दुपार मी विसरलेलो नाही.

म्हणून नियम असा करावा: रोज नव्हे, पण सहलीतल्या एका दिवशी तरी दुपारचं जेवण हाच मुख्य कार्यक्रम. त्या दिवशी सकाळी एकच ठिकाण, तेही जेवणाच्या जागेजवळचं. जेवणानंतर दोन तास काहीही ठेवायचं नाही. तिकीट काढलेला कुठलाही कार्यक्रम त्या दुपारी नको, कारण तिकिटाची वेळ डोक्यात असली की माणूस घड्याळाकडे बघत घास गिळतो.

वेळ ठरवताना एक साधा हिशेब करावा. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे दुपारचे बारा म्हणजे चामोर्शीत सकाळचे साडेनऊ. रोवणीच्या दिवसांत शेतावर जाणारी आपली माणसं याच सुमाराला जेवून घेतात, त्यामुळे शेतीतल्या आईवडिलांना तिथले बारा अगदी बरोबर बसतात. नोकरदार घरात एक वाजता जेवायची सवय असेल तर त्यांच्या पोटाला तिथले साडेतीन वाजतात, आणि तोवर काही रेस्टॉरंटं दुपारची बंद झालेली असतात. बारा ते दीड या वेळात कचेऱ्यांतली माणसं सुटतात आणि सगळीकडे रांगा लागतात. आम्हाला दोन वेळा लाभल्या. एक, साडेअकराला जाऊन बसणं. दुसरी, सकाळी भरपूर न्याहारी करून पावणेदोनला जाणं. म्हातारी माणसं सोबत असतील तर पहिलीच धरावी. पहिल्या तीन-चार दिवसांत शरीर अजून इकडच्याच वेळेवर असतं. त्याला ओढूनताणून पुढे नेण्यापेक्षा त्याच्यासोबत चालावं.

जागा निवडण्याबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण सिंगापुरात पर्याय फार आहेत आणि त्यातच माणूस हरवतो.

आईसारख्या शाकाहारी माणसाचं मन धरायचं असेल तर लिटल इंडियात जावं. सेरंगून रोडवर १९४७ सालापासून चालत आलेलं कोमला विलास हे शाकाहारी उपाहारगृह आहे. तिथे भात, सांबार, रसम, ताक असं ताट मिळतं आणि हातानं जेवताना कुणी वळून पाहत नाही. त्याच रस्त्यावर वीरमाकाळीअम्मनचं देऊळ आहे. दक्षिणेकडची देवळं दुपारी बंद होतात, तेव्हा सकाळी दहा-साडेदहाला दर्शन, मग सावकाश चालत जेवायला, असा क्रम लावला की आईवडिलांचा दिवस आपोआप जुळतो. आमच्या आईला देवळाचं गोपुर पाहून आपलं मार्कंड्याचं देऊळ आठवलं नाही, तसं साम्यही नाही. पण ‘देव झाला, आता जेवाले चाला’ हा क्रम तिच्या ओळखीचा होता आणि तेवढ्यानं तिची चाल सैल झाली.

मासळी खाणारे असतील तर जवळच रेसकोर्स रोडवर १९७४ पासूनचं बनाना लीफ अपोलो आहे. केळीच्या पानावर भात वाढतात आणि मासळीच्या डोक्याचं कालवण हा तिथला नावाजलेला पदार्थ. भारतीय मसाला आणि चिनी लोकांची मासळीच्या डोक्याची आवड, या दोन्हींच्या भेटीतून हा पदार्थ सिंगापुरातच जन्मला. आपल्याला त्याचं नवल वाटायचं कारण नाही. वैनगंगेकाठी राहणाऱ्यांना डोक्याच्या रश्श्याची गोडी माहीत आहे, आणि चामोर्शी-मुलचेरा भागात फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची गावं आहेत, त्यांच्या घरी जेवलेल्याला तर ती नक्कीच माहीत आहे. डोकं मोठं असतं. एकात तिघं-चौघं सहज जेवतात, म्हणून एकच मागवावं.

तिसरा पर्याय हॉकर सेंटरचा. एका छपराखाली पुष्कळ लहान लहान गाळे, प्रत्येकाचा एक-दोन पदार्थांवर हात बसलेला, आणि मधे सगळ्यांसाठी टेबलं. पूर्वी हे विक्रेते रस्त्यावर गाड्या लावत; सरकारनं त्यांना पाणी, गटार आणि छप्पर असलेल्या जागांत आणून बसवलं. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं या हॉकर संस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. जेवण स्वस्त आणि चविष्ट असतं. पण तिथे पंखेच असतात, उकाडा आणि गोंगाट असतो, आणि दोन गाळ्यांवरून पदार्थ आणायला कुणीतरी सतत उठत राहतं. निवांत जेवणासाठी मी ते सुचवणार नाही. एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन जरूर जावं. गेलातच तर तिथल्या दोन रीती पाळाव्यात. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, तिथे बसू नये. आणि जेवण झाल्यावर आपला ट्रे, ताटल्या आपणच नेऊन ठेवायच्या. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे हा नियम कडकपणे लागू आहे. पहिल्यांदा समज देतात, पुढे दंड होतो.

जागा ठरली की आदल्या दिवशी हॉटेलातून फोन करून घ्यावा: सहा जण, साडेअकरा, एक टेबल, भिंतीकडेचं. गटानं जाणाऱ्यांनी हे टाळू नये.

आत गेल्यावर सगळ्यात आधी बसवण्याकडे लक्ष द्यावं. आपल्याकडे पंगतीत कुणाला कुठे बसवायचं हे यजमान पाहतो. इथे ते आपण पाहायचं. आईला भिंतीच्या बाजूला, मधल्या खुर्चीत बसवावं. दोन्ही बाजूंना माणसं असली की तिला उठून कुणाला वाढता येत नाही. हे मी जाणून केलं आणि याच एका गोष्टीनं त्या दिवशीचं जेवण घडलं असं मला वाटतं. वडिलांना टोकाची खुर्ची द्यावी, म्हणजे पाय पसरता येतात आणि स्वच्छतागृहाकडे जाताना कुणाला उठवावं लागत नाही. मुलांना दोन मोठ्यांच्या मधे बसवावं. वातानुकूलन यंत्राचा झोत कुणाच्या डोक्यावर येतो ते बघावं. बाहेर दमट उकाडा आणि आत हुडहुडी, हा तिथला रोजचा अनुभव. आपल्याकडच्या मे महिन्याची सवय असलेल्या म्हाताऱ्यांना आतली थंडीच बाधते. पिशवीत एक शाल असू द्यावी.

मग पाणी. तिथल्या नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. काही ठिकाणी पाण्याचेही पैसे लावतात, म्हणून बाटली मागण्याआधी साधं पाणी मिळेल का ते विचारावं आणि ‘बर्फ नको’ हे सांगायला विसरू नये. टेबलावर आधीच शेंगदाण्याची वाटी किंवा ओले रुमाल मांडलेले असतील, तर चिनी रेस्टॉरंटांत त्यांचे पैसे बिलात येतात. नको असतील तर हसून परत करावेत, कुणी वाईट मानत नाही.

मागवण्याच्या वेळी आईला ‘काय खाशील?’ असं विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे: ‘काही पण चालते.’ जन्मभर तिला कुणी विचारलेलं नसतं, त्यामुळे उत्तर तयार नसतं. तिला दोनच गोष्टींतून निवडायला द्यावं. ‘भात घेतेस की डोसा?’ ती भात म्हणाली. ‘सोबत रसम की ताक?’ ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘दोन्ही.’ तिचं सांगून झाल्यावरच बाकीच्यांनी मागवावं.

मुलांसाठी लगेच येणारं काहीतरी, म्हणजे इडली किंवा साधा डोसा, सगळ्यांत आधी सांगावं. पोटात दोन घास गेले की ती शांत होतात आणि मोठ्यांना बोलायला वेळ मिळतो. सहा जणांसाठी सुरुवातीला चारच पदार्थ मागवावेत. पहिल्या दिवशी मी भीतीनं आठ मागवले आणि निम्मे टाकून आलो. भाताच्या देशातून आलेल्या माणसाला अन्न टाकताना जे वाटतं ते मला तेव्हा वाटलं. नंतर आणखी मागवता येतं, स्वयंपाकघर कुठे पळून जात नाही.

भारतीय जागा सोडून दुसरीकडे जेवणार असाल तर काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. हैनानी पद्धतीचा भात पांढरा असला तरी कोंबडीच्या रसात शिजतो. तिथली ‘कांगकोंग’ म्हणजे आपली नाळीची भाजीच; पण सांबाल घालून परततात तेव्हा त्यात सुक्या कोळंबीचा गोळा असतो. नासी लेमाकमधला नारळाच्या दुधातला भात शाकाहारी माणसाला चालेल, पण सोबतच्या लाल चटणीला वास घ्यावा. आपल्याकडे सुकट भाजताना येतो तसा वास आला तर त्यात वाळवलेली लहान मासळी आहे. हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस ओततात, तो कालवांपासून करतात. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर काही ठिकाणी मांसाचे तुकडे तेवढे वगळतात आणि रस तोच राहतो. तिथे ‘नो मीट, नो फिश, नो एग, नो ऑयस्टर सॉस’ असं चारही सांगावं, नाहीतर खिशातला कागद दाखवावा. सगळ्यांत बिनधोक म्हणजे बौद्ध परंपरेतली चिनी शाकाहारी खानावळ. त्यांच्यात कांदा-लसूणही सहसा नसतो, त्यामुळे कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या दिवशीही चालते. तिथे सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून केलेले तुकडे हुबेहूब मांसासारखे दिसतात. आईला आधी सांगून ठेवावं, नाहीतर ती ताट पुढे सारते. हलाल पाटी असलेल्या ठिकाणी डुक्कर नसतं, पण गाईचं मांस असू शकतं. ते वेगळं विचारावं. खेकडे किंवा जिवंत मासळी वजनावर विकतात आणि भाव बहुधा शंभर ग्रॅमचा लिहिलेला असतो. तोलून एकूण किती होईल हे आधी विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

भाताबद्दल एक सांगतो. आपलं तोंड बारीक, मोकळ्या तांदळाला सरावलेलं आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवड करत करत शोधलेला एचएमटी आपल्या घराघरांत शिजतो. तिकडच्या चिनी आणि थाई खानावळींत सुवासाचा, किंचित चिकट भात मिळतो. बाबांनी पहिला घास घेतला आणि मान हलवली. अशा वेळी समजावत बसू नये. चिकट भातावर पातळ काही ओतलं की तो आपोआप मऊ लागतो. रस्सा, रसम, दही यांपैकी जे असेल ते आधी वाढून घ्यावं.

जेवण सुरू झालं की फोटो एकदाच काढावा आणि मोबाइल पिशवीत टाकावेत. आम्ही सहाही मोबाइल बायकोच्या पिशवीत ठेवले. मग बोलणं आपोआप सुरू होतं. बाबांनी मुलांना पहिल्यांदाच सांगितलं की १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याआधी कचेरीच्या कामासाठी त्यांना चांदा म्हणजे चंद्रपूर गाठावं लागायचं, आणि दिवसभराच्या त्या खेपेत भाकरी फडक्यात बांधून न्यायचे. चामोर्शीत ही गोष्ट निघाली नसती. तिथे दोघांनाही सवड नसते. वाढप्यानं आईच्या पानावर न मागता भात वाढला तेव्हा तिनं त्याच्याकडे वर मान करून पाहिलं. तिला कुणीतरी वाढत होतं. ती रसम दुसऱ्यांदा मागायला संकोचत होती, मीच हात वर केला. तिसऱ्यांदा तिनं स्वतः केला.

पानावरच्या जेवणाला सव्वा तास द्यावा. मुलांचं वीस मिनिटांत आटोपतं. त्यांना ताक, फळ किंवा गोड देऊन बसवून ठेवावं, पण मोठ्यांना ‘आटपा’ म्हणू नये. भर गर्दीच्या वेळी बाहेर रांग असेल तर मात्र जेवण झाल्यावर जागा अडवू नये. गप्पा उरल्या असतील तर चहाला दुसरीकडे जावं.

बिल आलं की वाचावं. मेन्यूकार्डावर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं असतील तर त्या किमतीवर आधी दहा टक्के सेवा शुल्क आणि मग त्या बेरजेवर कर लागतो. २०२४ पासून हा कर नऊ टक्के आहे. म्हणजे कार्डावर शंभर डॉलर झाले तर द्यायचे एकशे एकोणीस डॉलर नव्वद सेंट. हॉकर सेंटरमध्ये सेवा शुल्क नसतं. वेगळी बक्षिशी देण्याची रीत तिथे नाही. आईवडिलांसमोर डॉलरचे रुपये करून सांगू नयेत. एकदा आकडा कानावर पडला की पुढच्या जेवणाला ती फक्त ताक मागतात. बिल आपल्या हातात घ्यावं, पैसे द्यावेत, कागद घडी घालून खिशात ठेवावा.

उरलेलं बांधून मागायला लाजू नये. ‘दा पाओ’ असा तिथला शब्द आहे, सगळ्यांना कळतो. पण मेट्रोत खायला-प्यायला मनाई आहे, दंड होतो. मुलांना डबा गाडीत उघडू देऊ नये.

जेवल्यावर लगेच चालायला लावू नये. तिथे दुपारी धो धो पाऊस अनेकदा येतो. आला तर छपराखाली थांबावं, बडीशेपेची डबी काढावी. मग टॅक्सी करून हॉटेलावर परत यावं. सहा जण असाल तर मोठी गाडी मागवावी, म्हणजे दोन टॅक्स्यांत घर विभागलं जात नाही. पडदे ओढून म्हाताऱ्यांना तासभर झोपू द्यावं आणि मुलांना खाली पोहायला पाठवावं. आमची आई त्या दुपारी साडेचारपर्यंत झोपली. उठल्यावर तिनं विचारलं, ‘उद्या कोठं जेवाचं आहे गा?’